मुअल्लम : शिकवलेला कुत्रा आणि शिकवणारा माणूस

उर्दूत मीम, ऐन, लाम, मीम ही चार अक्षरे लिहिली आणि त्यांवर जेर-जबर दिले नाहीत, तर तो शब्द दोन प्रकारे वाचता येतो. मुअल्लिम म्हणजे शिकवणारा. मुअल्लम म्हणजे ज्याला शिकवले गेले तो. फिकहच्या किताबांत शिकारीच्या प्रकरणात हा दुसरा शब्द कुत्र्यासाठी येतो. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना लोक मुअल्लिम म्हणतात, म्हणून या एका जबरने आमचे कुतूहल चाळवले.

सूरह अल्-माइदाच्या चौथ्या आयतीत, काय काय हलाल आहे या प्रश्नाच्या उत्तरात, शिकारी जनावरांचा उल्लेख आहे. त्यांना शिकवणाऱ्यांसाठी तेथे 'मुकल्लिबीन' हा शब्द आला आहे आणि तो 'कल्ब' म्हणजे कुत्रा या शब्दापासूनच झाला आहे. आशय असा की, अल्लाहने तुम्हाला जे शिकवले त्यातलेच तुम्ही या जनावरांना शिकवता. त्यांनी तुमच्यासाठी जे धरून ठेवले ते खा आणि त्यावर अल्लाहचे नाव घ्या. चौदाव्या शतकातील दमास्कसचे विद्वान इब्ने कय्यिम यांनी इल्मची थोरवी सांगताना हाच दाखला घेतला आहे. अडाणी कुत्र्याने मारलेले जनावर मुर्दार, शिकलेल्याने मारलेले हलाल. दोघांचे दात सारखेच.

हा प्रश्न कोणी कल्पनेने काढलेला नव्हता. अदी बिन हातिम हे तय्य टोळीचे सरदार. ज्या हातिमताईचे किस्से आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्याचे हे चिरंजीव. त्यांच्या लोकांत कुत्र्यांनी शिकार करण्याचा रिवाज होता. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना याबद्दल विचारले, ती हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. शिकवलेला कुत्रा अल्लाहचे नाव घेऊन सोडला असेल तर त्याने धरलेले खा. त्याने त्यातले खाल्ले असेल तर तुम्ही खाऊ नका, कारण त्याने ते स्वतःसाठी धरले. वाटेत दुसरा कुत्रा सामील झाला असेल तरी खाऊ नका, कारण नाव तुम्ही तुमच्या कुत्र्यावर घेतले होते, त्याच्यावर नाही. येथे कुत्रा हा जणू सुरीच्या जागी आहे, आणि सुरी कोणाच्या हातात होती हे ठरल्याशिवाय शिकार हलाल होत नाही.

मग पुढचा प्रश्न असा की, कुत्रा शिकला हे ओळखायचे कसे?

याचे उत्तर शोधताना आम्ही 'हिदाया' उघडली. मध्य आशियातील फरगाना प्रांताचे बुरहानुद्दीन मरगीनानी यांचा हा ग्रंथ. त्यांचे निधन ११९७ साली झाले, आणि हिंदुस्थानातल्या हनफी मदरशांत हा ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. त्यात लिहिले आहे की, कुत्र्याने तीनदा शिकार धरून ती खाल्ली नाही म्हणजे तो शिकला. आणि बाज बोलावल्यावर परत आला म्हणजे तो शिकला. दोघांना वेगवेगळी परीक्षा का? तर शिकण्याची खूण म्हणजे आपली सवय सोडणे. बाज स्वभावाने रानवट, माणसाला बुजणारा. तो हाकेला परत येतो तेव्हा आपला स्वभाव सोडतो. कुत्रा तर आधीच माणसाळलेला. तो बोलावल्यावर आला यात विशेष काय? त्याची सवय हिसकावण्याची, म्हणून त्याने तोंडातला घास राखला तरच तो शिकला.

आम्हाला बी.एड.ला मानसशास्त्राच्या तासाला पावलॉव्हचा कुत्रा शिकवला गेला. घंटा वाजली की त्याच्या तोंडाला पाणी सुटते आणि ते शिकल्याचे लक्षण मानले जाते. मरगीनानींच्या कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतच असणार, पण त्याचे शिकणे त्यापुढे सुरू होते. दोन्ही कुत्रे एकाच पाठात शिकवले असते तर आमची परीक्षेची उत्तरे जास्त बरी झाली असती!

तीन वेळा ही अटही सर्वमान्य नव्हती. ती इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांची. इमाम अबू हनीफा आकडा ठरवायला तयार नव्हते. जाणकाराची खात्री पटली की झाले, असे त्यांचे मत. कोकणातील आपले बहुतेक बांधव शाफई. त्या मसलकात तीन गोष्टी पाहतात: सोडल्यावर जातो का, थांबवल्यावर थांबतो का, आणि धरलेले न खाता राखतो का. हे पुन्हा पुन्हा घडले पाहिजे.

आज युरोपात नि अमेरिकेत तितर-बदकांच्या शिकारीसाठी स्पॅनिएल, पॉइंटर, रिट्रीव्हर या जातींचे पिल्लू घरी आणून तयार करतात, तेव्हा याच तीन गोष्टींवर मेहनत घेतात. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचे झाले की घरी येते. घरातल्या अरुंद बोळात गुंडाळलेला मोजा फेकतात. दोन्ही बाजूंना भिंत, त्यामुळे तो उचलून परत येण्यापलीकडे पिल्लाला वाट नसते. आले की मोजा ओढून घ्यायचा नाही, आधी त्याला गोंजारायचे. ओढला तर ते दात घट्ट रोवते आणि पुढे पक्षी आणताना चावून चोथा करते. नंतर मोज्याला पंख बांधतात. थांबण्याचा धडा जेवणाच्या ताटलीसमोर होतो: ताटली पुढ्यात, आणि हुकूम मिळेपर्यंत बसून राहायचे. पाठ पाच मिनिटांचा, पिल्लू कंटाळण्याआधी संपवायचा. 'हिदाया'त एक कारण असेही दिले आहे की बाजाचे शरीर मार सोसत नाही, कुत्र्याचे सोसते. आजचे जाणते शिकवणारे कुत्र्यालाही मारत नाहीत. माराने ते शिकार आणायचीच सोडून देते, हे त्यांना अनुभवाने कळले आहे. मुलांच्या बाबतीत हे कायद्यात यायला आपल्याकडे २००९ साल उजाडावे लागले.

किताबातले हे नियम कोणी पाळत होते का, असे विचारणाऱ्याने उसामा बिन मुनकिज (१०९५–११८८) यांच्या आठवणी वाचाव्यात. सीरियात ओरोंतीस नदीकाठचा शैजरचा किल्ला त्यांच्या घराण्याचा. एकीकडे क्रुसेडवाल्यांशी लढाया आणि दुसरीकडे शिकार. डोंगराकडे तितर व ससे, नदीकाठच्या बेटांत पाणपक्षी. त्यांचे वडील मुर्शिद दिवसा रोजा, तिलावत आणि शिकार करीत आणि रात्री कुरआनची नक्कल उतरीत. अशा चाळीसहून अधिक प्रती त्यांनी स्वहस्ते लिहिल्या. त्यांनी कॉन्स्टँटिनोपलला माणसे पाठवून बाज आणि पक्ष्यांच्या शिकारीचे ज़ग़ारी कुत्रे मागवले होते. ज्या हाताने मुसहफ लिहिला त्याच हाताने कुत्र्याची दोरी धरली, आणि त्या घरात याचे कोणाला नवल वाटले नाही.

आपल्याकडे अबुल फज्ल 'आईने अकबरी'त लिहितो की चित्ता तयार करायला पूर्वी दोन-तीन महिने लागत, बादशहाच्या देखरेखीखाली अठरा दिवस पुरू लागले. दरबारी लेखकाचा हिशेब आहे, तो तसाच घ्यावा. आमच्या मुलुखातला उंच, सडपातळ कारवानी कुत्रा हा नजरेने ससा टिपणारा, पक्ष्यांचा नव्हे. काफिल्यांबरोबर तो इकडे आला असे मानतात आणि नावही तेच सांगते. त्याच घराण्यातल्या मुधोळ कुत्र्यावर २००५ साली टपाल तिकीट निघाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले. पण शिकारीबरोबर तिचा फिकह वाचणेही बंद झाले.

उरले काय, तर कुत्रा नापाक, एवढेच. त्याच्या लाळेचा मसला खरा आहे. शाफई मसलकात भांडे सात वेळा, त्यात एकदा मातीने धुवावे लागते. इमाम मालिक मात्र जिवंत कुत्र्याला नजिस मानीत नाहीत. शिकार, गुरे आणि शेत यांच्यासाठी कुत्रा ठेवण्याची सवलत हदीसमध्येच आहे. तहानलेल्या कुत्र्याला मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्याची मगफिरत झाली, तीही हदीसच. आमच्या मोहल्ल्यांतली मुले झोपलेल्या कुत्र्यावर धोंडा मारतात आणि वर 'नापाक है' म्हणतात. भांडे धुण्याचा मसला त्यांना पाठ असतो, मोज्यातले पाणी कोणी सांगितलेलेच नसते. दोन्ही एकाच तासाला शिकवता येतात. पाच मिनिटेही लागत नाहीत.

'हिदाया'तला एक वाद सांगायचा राहिला. एका कुत्र्याने अनेकदा शिकार आणली आणि कधी खाल्ली नाही. एक दिवस त्याने खाल्ली. ती शिकार गेलीच. पण आधीच्या शिकारींचे मांस घरात साठवलेले आहे, त्याचे काय? इमाम अबू हनीफा म्हणतात, तेही हराम, कारण एकदा खरोखर आलेला हुन्नर मुळातून विसरत नाही. त्याने आज खाल्ले म्हणजे तो कधी शिकलाच नव्हता. त्यांचे दोघे शागीर्द म्हणतात, हुन्नर विसरू शकतो, तेव्हा आधीचे हलालच. सहामाहीला पैकीच्या पैकी गुण मिळवून वार्षिकला कोरी उत्तरपत्रिका देणाऱ्या मुलाबद्दल शिक्षकांच्या खोलीत दरसाल हाच वाद होतो, आणि तेथेही दोन्ही बाजूंना माणसे असतात.