रायफलचं दिसणं आणि कायदा

अमेरिकेत १९९४ साली 'असॉल्ट वेपन' बंदी आली. सेमी-ऑटोमॅटिक रायफल, म्हणजे ट्रिगर दाबला की एक गोळी, पुन्हा दाबला की दुसरी. तिचं मॅगझिन काढता येत असेल आणि शिवाय या पाचातल्या दोन गोष्टी असतील तर बंदी: घडीचा किंवा सरकता दस्ता, पिस्तूल ग्रिप, संगीन लावायची सोय, फ्लॅश सप्रेसर (किंवा त्यासाठी आटे पाडलेली नळी), ग्रेनेड लाँचर.

आता गंमत बघा. कंपन्यांनी संगिनीची खुंटी आणि सप्रेसर काढला, आणि जवळपास तीच एआर-१५ पुन्हा दुकानात आली. काडतूस तेच, मारा तोच. साध्या दस्त्याची रुगर मिनी-१४ तर कायद्यानेच नाव घेऊन सूट दिलेली, काडतूस मात्र एआर-१५ सारखंच, .२२३ चं!

म्हणून दिसण्यावरून वर्गवारी मला पटत नाही. पण सगळंच नुसतं दिखाऊ असतं असंही नाही. घडीच्या दस्त्याने बंदूक लपवणं सोपं होतं. माझ्या मते त्याच कायद्यातली दहाहून जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवरची बंदी जास्त मुद्द्याची होती, कारण न थांबता किती गोळ्या सुटणार हे मॅगझिनच ठरवतं.

२००४ मध्ये कायद्याची मुदत संपली. कॅलिफोर्नियात मात्र अशीच कसोटी आहे, आणि तिथे एकच गोष्ट पुरते. मग लोक पिस्तूल ग्रिपला माशाच्या परासारखी पट्टी लावतात, म्हणजे ती पिस्तूल ग्रिप ठरत नाही.