ताराबाई शिंदे : एकाकी नेतृत्वाचा अर्थ

नेतृत्व म्हटले की अनुयायांचा समुदाय आपल्या डोळ्यांसमोर येतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्यामागे असा समुदाय नव्हता. म्हणूनच त्यांचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

१८५० च्या सुमारास जन्मलेल्या ताराबाईंना वडील बापूजी हरी शिंदे यांनी घरीच शिकविले. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. वृत्तपत्रांनी मात्र या निमित्ताने समस्त स्त्रीजातीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी लिहिलेला ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ मध्ये पुण्यात छापला गेला.

साहित्याच्या अभ्यासकांनी त्यातील वाचक ताराबाई पाहाव्यात. पुराणकथांप्रमाणेच त्या ‘मुक्तामाला’ ही कादंबरी आणि ‘मनोरमा’ हे नाटकही तपासतात. स्त्रीच्या दुर्गुणांची यादी करणारी लेखणी कोणाच्या हाती आहे, हाच त्यांच्या युक्तिवादाचा रोख आहे. विधवेवरील निर्बंध विधुराला का नाहीत, या प्रश्नाला तेथूनच धार येते.

निबंधावर टीका झाली. १८८५ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर मात्र ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी निबंध पुनर्मुद्रित केला, तेव्हा त्र्याण्णव वर्षे लोटली होती.

सोबत कोणी नसताना विचारलेला प्रश्न पुढील पिढ्यांना आपला वाटावा, यालाही नेतृत्वच म्हणावे लागेल.