दोरावरचा दोर

शिडाच्या जहाजावर दोराला सगळ्यात जपावं लागतं ते तो घासतो तिथे आणि त्यात पाणी मुरतं तिथे. युरोपातल्या खलाशांनी त्यावर तीन थरांचा तोडगा काढला. आधी दोराच्या पेडांमधल्या खाचांत बारीक दोरी भरायची, म्हणजे पाण्याला साचायला जागा उरत नाही. मग डांबर लावलेल्या जुन्या शिडाच्या पट्ट्या गुंडाळायच्या. वरून डांबरी सुतळीचे वेढे, एकाला एक खेटून. हेच सर्व्हिंग. पहिले दोन थर पिळाच्या दिशेने, तिसरा उलट.

नुसत्या हाताने सुतळी हवी तेवढी आवळली जात नाही, म्हणून खास मोगरी आली. तिच्या डोक्याला लांबट खाच असते, ती दोरावर बसते. सुतळी दांड्याला वेढा देऊन घेतात. दांडा दोराभोवती फिरवला की प्रत्येक वेढा करकचून बसतो. एक जण मोगरी फिरवतो, दुसरा सुतळीचा गुंडा तिच्याबरोबर दोराभोवती फिरवत राहतो.

दोन दोर शेजारी धरून बारीक दोरीने आवळणं म्हणजे सीझिंग. डोलकाठी तोलणाऱ्या आडदोराचं खालचं टोक लाकडी चकतीभोवती वळवून वर घेतात आणि तिथे तीन ठिकाणी सीझिंग करतात. गाठ मारत नाहीत, कारण गाठीत दोर मुरडतो आणि तिथेच कमजोर होतो. शिवाय नवा दोर ताणाने लांबतो. सीझिंग कापायचं, दोर ओढायचा, पुन्हा बांधायचं.

गोदीत हातोहात शिकवलं जाणारं हे काम १७९४ मध्ये डेव्हिड स्टीलच्या आणि १८०८ मध्ये डार्सी लीव्हरच्या पुस्तकात सविस्तर छापलं गेलं. आज अशा जहाजांची मॉडेलं करणारे बहुधा जेम्स लीझचं १९७९ चं पुस्तक उघडतात.

इंग्रजी आरमाराच्या जहाजांची जुनी मॉडेलं सतराव्या शतकापासून बहुधा १:४८ या प्रमाणात होत आली. दोर तेव्हा घेराने मोजत. ११ इंच घेराचा दोर या प्रमाणात दोन मिलिमीटरही जाड भरत नाही. इथे मोगरी चालत नाही, म्हणून सगळी रीतच उलटली: जहाजावर दोर स्थिर आणि सुतळी फिरती, मॉडेलच्या दोराला सर्व्हिंग करायच्या यंत्रात दोर फिरतो आणि बारीक धागा जागच्या जागी त्यावर चढत जातो. दोराची दोन्ही टोकं दातेरी चाकांनी एकाच वेगाने फिरवावी लागतात, नाहीतर पीळ उलगडतो किंवा जास्तच चढतो.

आतले दोन थर मॉडेलवर गाळले तरी माझी हरकत नाही. ते दिसतच नाहीत. सर्व्हिंग मात्र गाळू नये. सगळ्यांत पुढच्या आडदोरावर शिडाची कड सतत घासते, म्हणून तो वरपासून खालपर्यंत सर्व्ह केलेला असे. मागचे आडदोर फक्त माथ्यापाशी आणि वळणांवर. त्यामुळे पुढचा दोर मागच्यांपेक्षा जरा जाड आणि गुळगुळीत दिसतो, आणि वारा लागलेलं शीड कुठवर येत असे ते त्यावरून कळतं.