ध्वनिवादन चाचणी

ध्वनिवादन चाचणी : एकच ध्वनिमुद्रण वेगवेगळ्या संकेतनांत साठवले असता मोबाइल, संगणक, मोटारीतला प्लेयर यांसारखे साधन ते मुळाबरहुकूम वाजवते की नाही, याची तपासणी. फाइल उघडली आणि आवाज आला, एवढ्याने ती पूर्ण होत नाही. सदोष साधन बहुधा कसलीही सूचना न देता चुकीचे वाजवत राहते आणि मूळ मुद्रण ज्याने ऐकलेले नाही, त्याला ते कळतही नाही.

तपासणीची रीत संकेतनाप्रमाणे बदलते. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीवर ध्वनी आकुंचन न करता साठवलेला असतो : सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटांचा, दोन वाहिन्या, म्हणजे सेकंदाला सुमारे 1,411 किलोबिट. फ्लॅक, अलॅक ही लॉसलेस संकेतने फाइल लहान करतात, पण त्यातला एकही बिट गमावत नाहीत. एमपीथ्री, एएसी, व्हॉर्बिस, ऑपस ही लॉसी संकेतने कानाला ऐकू येणार नाही असा अंदाज बांधून ध्वनीचा काही भाग कायमचा टाकून देतात. 128 किलोबिटांच्या एमपीथ्रीत सीडीच्या माहितीचा अकरावा हिस्साच उरतो.

लॉसलेस फाइलची चाचणी निर्विवाद असते : उलगडलेला प्रत्येक नमुना मुळाशी जुळला पाहिजे. फ्लॅक फाइलच्या सुरुवातीला मूळ ध्वनीची एमडी5 ही पडताळणी-संख्या नोंदवण्याची सोय आहे. उलगडलेल्या ध्वनीवरून तीच संख्या आली, की डिकोडर, म्हणजे फाइल उलगडणारा भाग, उत्तीर्ण. लॉसी संकेतनांत मूळ ध्वनी परत मिळतच नाही, म्हणून तुलना प्रमाण डिकोडरशी करावी लागते. एमपीथ्रीच्या आंतरराष्ट्रीय मानकात यासाठी चाचणीच्या फाइली आणि चुकीची कमाल मर्यादा ठरवून दिली आहे. 2012 साली मानक म्हणून प्रसिद्ध झालेल्या ऑपसच्या बाबतीत डिकोडरचा प्रमाण संगणकीय कार्यक्रमच मानकाचा भाग केला गेला. हा निर्णय विशेष उपयुक्त ठरतो, कारण वादाच्या प्रसंगी शब्दांचा अर्थ लावत बसावे लागत नाही.

व्यवहारात सर्वांत ठळक दोष नमुनादराचा. सीडीचा दर 44,100, तर चलच्चित्रांच्या ध्वनीचा 48,000. सीडीच्या दराची फाइल साधनाने रूपांतर न करता 48,000 ने वाजवली, तर दहा मिनिटांची बंदिश 9 मिनिटे 11 सेकंदांत संपते आणि स्वर जवळजवळ दीड अर्धस्वराने चढतो. पांढरी एकमध्ये गायलेले गाणे काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्येच कुठेतरी लागते. गायकाला हा दोष लगेच खटकतो. एरवीचा श्रोता मात्र गायकाचा आवाजच बारीक आहे असे समजतो.

याहून फसवा दोष एचई-एएसी या एएसीच्या प्रकाराचा. त्यात वरच्या पट्ट्यातील ध्वनी थेट साठवलेला नसतो. खालच्या पट्ट्यावरून तो पुन्हा उभा करण्यापुरती माहिती जोडलेली असते. जुन्या डिकोडरला ती माहिती वाचता येत नाही. तो खालचा पट्टाच वाजवतो, आवाज मंद आणि कोंदट होतो, आणि पडद्यावर मात्र सारे ठीक दिसते. फाइलीच्या नावाचे शेपूटही भरवशाचे नाही : एमफोरए नावाखाली एएसी असू शकते, तसेच अलॅकही.

एमपीथ्री ध्वनीचे 1,152 नमुन्यांचे तुकडे करते. त्यामुळे सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरली जाते व साधनाने ती वगळली नाही, तर दोन फाइलींच्या सांध्यावर खंड पडतो. स्वतंत्र गाण्यांत तो जाणवत नाही. विलंबित आणि द्रुत ख्याल दोन फाइलींत विभागला असेल, तर मात्र सलग वाजणारा तानपुरा तुटतो आणि दोष उघडा पडतो. या चाचणीसाठी तानपुऱ्याइतके सोपे व कठोर साहित्य क्वचितच सापडेल.

डिकोडर अचूक असूनही ध्वनी बिघडलेला असू शकतो; तो दोष मग ध्वनी संकेतनात बांधणाऱ्या एन्कोडरचा. त्याचा निवाडा अखेर कानानेच होतो. एमपीथ्री घडवताना कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी सुझॅन व्हेगा यांचे ‘टॉम्स डायनर’ हे साथीशिवाय गायलेले गाणे कसोटीसाठी वापरले, कारण एकट्या आवाजातला बिघाड झाकायला वाद्ये नव्हती. युरोपीय प्रसारण संघाच्या 1988 च्या चाचणी-तबकडीत कॅस्टानेट्स आहेत. त्यांचा आघात इतका अचानक असतो, की आकुंचनातली चूक आघाताच्या आधीच खरखरीसारखी ऐकू येते. त्या तबकडीत तबला, सतार किंवा तानपुरा नाही. तबल्याची चाट हा तसाच तीव्र आघात आहे. भारतीय संगीतासाठी साधन पारखताना तिचा समावेश व्हायलाच हवा.

ऐकणाऱ्याला कोणती फाइल कोणती हे माहीत असेल, तर चाचणीला किंमत उरत नाही. एबीएक्स पद्धतीत अ आणि ब हे दोन नमुने ऐकवून क्ष हा त्यांपैकी अ आहे की ब, एवढेच ओळखायचे असते. सोळांपैकी बारा उत्तरे बरोबर आली, तर ती निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. मश्रा या आंतरराष्ट्रीय पद्धतीत शंभरपैकी गुण देतात. नमुन्यांत मूळ ध्वनी लपवलेला असतो आणि 3.5 किलोहर्ट्झच्या वरचा भाग छाटलेला एक निकृष्ट नमुनाही. लपवलेले मूळ ओळखू न शकणाऱ्याचे गुण बाद करता येतात.

घरी तपासताना आवाजाची पातळी दोन्ही बाजूंनी सारखी ठेवावी, कारण किंचित मोठा आवाज बहुधा अधिक चांगला भासतो. ब्लूटूथ टाळून तारेचा हेडफोन वापरावा. ब्लूटूथवर ध्वनी सहसा पुन्हा लॉसी संकेतनात बांधला जातो व चाचणी मग त्या दुसऱ्या संकेतनाचीही होते. तुलनेच्या सर्व फाइली आकुंचन न केलेल्या एकाच मुद्रणापासून बनवाव्यात. एमपीथ्रीपासून तयार केलेली फ्लॅक फाइल आकाराने मोठी होते, पण तिच्यात एमपीथ्रीहून अधिक काहीही नसते.