प्रकाशाचं रिंगण

आपण जव्हार-मोखाड्यात बसलो आहोत, तेव्हा सुरुवात इथल्या चिखलापासून करू. भाताच्या खाचरात, साचलेल्या पाण्याखालच्या गाळात प्रकाशावर जगणारे जांभळे जीवाणू असतात. दिसणारा प्रकाश वरची रोपं आणि शेवाळ बराचसा घेऊन टाकतात. मग खालच्यांना उरतं काय? 1883 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ एंगलमन यांनी दाखवलं, की हे जीवाणू आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशातही गोळा होतात.

पण तो ते धरतात कसा? उत्तराचा पहिला धागा हिरव्या शेवाळात सापडला. 1932 मध्ये इमर्सन आणि अर्नोल्ड यांनी क्लोरेलावर प्रकाशाचे क्षणिक झोत टाकले. एका झोतात ऑक्सिजनचा एक रेणू सुटायचा, तो हरितद्रव्याच्या सुमारे 2500 रेणूंमागे! बाकीचे काय नुसते बसून होते? 1936 मध्ये गाफ्रोन आणि व्होल यांनी सुचवलं, की अनेक रेणू प्रकाश धरतात आणि ऊर्जा एका केंद्राकडे पोचवतात.

हे प्रत्यक्ष दिसायला 1995 उजाडलं. ग्लासगोच्या संशोधकांनी एका जांभळ्या जीवाणूतल्या एलएच-2 या संकुलाची रचना मांडली. प्रथिनांच्या नऊ जोड्यांचं रिंगण, त्यात जिवाणू-हरितद्रव्याचे 27 रेणू. विरळ बसलेले 9 रेणू 800 नॅनोमीटरचा प्रकाश घेतात, दाटीने बसलेले 18 रेणू 850 चा. ऊर्जा पहिल्यांकडून दुसऱ्यांकडे साधारण एका पिकोसेकंदात जाते. तिथून केंद्राला वेढणाऱ्या एलएच-1 कडे आणि मग केंद्रात. पाणी उतारावरून बांधाबांधाने खाली यावं, तसं.

इथे आपल्याला तारप्याचा नाच आठवतो: मध्ये वाजवणारा, भोवती हात धरलेले नाचणारे. उपमा चांगली, पण रेणू हलत नाहीत. हलते ती ऊर्जा.

उपमांचा मोह आम्हालाही नडलाय. 2007 मध्ये हिरव्या गंधक-जीवाणूच्या अशाच एका संकुलात दीर्घकाळ टिकणारी क्वांटम सुसंगती दिसल्याचं प्रसिद्ध झालं. आम्ही ते तत्त्वज्ञानाच्या वर्गात हौसेने सांगत राहिलो, जणू जीवाणू सगळ्या वाटा एकदम चाचपून पाहतो. पुढच्या प्रयोगांनी ती स्पंदनं बव्हंशी रेणूंच्या कंपनांची ठरवली. सांगितलेलं मागे घ्यावं लागलं. 2500 च्या आकड्यापुढे जुनी कल्पना सोडणाऱ्यांचा इतिहास शिकवायचा आणि आपली सोडायची नाही, हे कसं चालेल?