वऱ्हाडची पानगळ आणि कॅमेरा

महाराष्ट्रात कॅमेरा लवकर आला, पण डोंगराचे छायाचित्र निव्वळ डोंगरासाठी काढण्याची हौस फार उशिरा रुजली. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ उभी राहिली. कोलकाता आणि मद्रास येथील संस्था त्यानंतर दोन वर्षांनी निघाल्या. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईच्या संस्थेतले जाणते छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला आणि त्यात शिकलेल्या हरिचंद चिंतामण यांनी पुढे मुंबईत हाच व्यवसाय केला. या पहिल्या पिढीचे लक्ष माणसांवर, पोशाखांवर आणि इमारतींवर होते. डोंगर दिसलाच तर लेण्याच्या किंवा देवळाच्या मागे.

याचे एक कारण आवडीनिवडीचे, पण मोठे कारण तंत्राचे. १८५१ मध्ये निघालेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच काळोख्या तंबूत काच धुऊन चित्र उमटवायचे, असा क्रम होता. थर वाळला की काच वाया. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हात तो किती झपाट्याने वाळत असेल, याची कल्पना करता येते. शिवाय काचा, बाटल्या, तिकाटणे, तंबू आणि धुण्यापुरते स्वच्छ पाणी हा सगळा संसार सोबत न्यावा लागे. १८६० च्या दशकात सॅम्युएल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराने हिमालयाच्या तीन मोहिमा केल्या, त्या हमालांच्या तांड्यांच्या बळावर. १८६६ मध्ये सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीत त्याने काचा भिजवल्या. हिमालयाच्या शिखरांसाठी असा खटाटोप करायला तो तयार झाला. सातमाळा-अजिंठ्याच्या बुटक्या रांगांसाठी तसे कोणी कशाला करेल?

तरीही कॅमेरा या भागात आला, तो रॉबर्ट गिल याच्याबरोबर. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ मध्ये नेमलेल्या या लष्करी अधिकाऱ्याने पुढे छायाचित्रण शिकून घेतले. त्याने रंगवलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. छायाचित्रे मात्र टिकली. १८६४ मध्ये त्याच्या जोडचित्रांची, म्हणजे दुर्बिणीसारख्या साधनातून पाहिल्यावर खोली जाणवणाऱ्या चित्रांची, दोन पुस्तके वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह निघाली. त्याने लोणारच्या देवळांचीही छायाचित्रे घेतली. ज्या अजिंठ्याने गिलला कॅमेऱ्यापर्यंत नेले, तिथली काही उत्तम लेणी वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातली. त्याच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. गिल १८७९ मध्ये वारला. भुसावळला त्याची कबर आहे.

गिलनंतर वऱ्हाडात आलेला कॅमेराही पुरातत्त्वाचाच होता. पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी १८९७ मध्ये प्रसिद्ध केली. लोणार, मेहकर आणि शिरपूर अशी ठिकाणे त्या कामाच्या टप्प्यात होती. शिरपूर हे आज वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात आहे आणि ज्या गावाच्या डोंगरांविषयी पुढे सांगायचे आहे, ते जऊळकाही त्याच तालुक्यातले. तेव्हा कॅमेरा या परिसरात पोचला होता यात शंका नाही. त्याला खांब, शिल्पे आणि शिलालेख हवे होते. देवळामागची टेकडी कोणत्या महिन्यात कोणत्या रंगाची होती, हे टिपणे कोणाचे काम नव्हते.

आणि टिपायचे म्हटले तरी ते जमले नसते. जुन्या काचांना निळा प्रकाश फार लवकर कळे. पिवळा आणि तांबडा जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे आकाश पांढरेफटक आणि सागाचे पिवळे पडलेले रान काळे येई. ज्या रंगांमुळे ऋतू ओळखायचा, तेच रंग चित्रात मरत. १८७३ मध्ये हर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने थरात रंगद्रव्य मिसळून काचेला हिरवा-पिवळा दाखवला. तांबड्यासह सगळे रंग योग्य छटांत घेणाऱ्या काचा १९०६ मध्ये विक्रीस आल्या. १९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम ही रंगीत काच आली, तर १९३६ मध्ये छोट्या कॅमेऱ्यांसाठी कोडाक्रोम ही रंगीत फिल्म. म्हणजे पानगळीचा रंग घरी आणण्यासाठी छायाचित्रणाला सुमारे पाऊण शतक लागले.

हौशी लोकांच्या हाती कॅमेरा गेला तो त्याआधीच. वाळलेल्या काचा, मग १८८८ चा कोडॅक आणि १९२५ चा लायका यांनी तंबू आणि हमाल या दोहोंची गरज संपवली. १९३७ मध्ये मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली आणि प्रदर्शनांमधून धुके, ढग, झाडांच्या कमानी अशी चित्रमय दृश्ये मान्यता पावली. स्वातंत्र्यानंतर परदेशी फिल्म महाग आणि दुर्मीळ होती. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या कारखान्यातून १९६७ पासून देशी कृष्णधवल फिल्म मिळू लागली. रंगीत फिल्मवर एकेक चित्र जपून घ्यावे लागे. हौशी माणूस डोंगरावर गेला तर किल्ल्याचा दरवाजा आणि सोबत्यांचा घोळका, यातच त्याचा रोल संपे.

डोंगर हाच विषय व्हायला गिर्यारोहणाची चळवळ कारण झाली. १९५४ मध्ये मुंबईत ‘गिरिविहार’ संस्था निघाली; हरीश कापडिया यांचे सह्याद्रीच्या भटकंतीवरचे इंग्रजी पुस्तक १९७७ मध्ये आले. लेखक गो. नी. दांडेकर यांनी किल्ल्यांची ओढ मराठी घराघरांत नेली. पुढे गोपाळ बोधे आणि उद्धव ठाकरे यांनी आकाशातून किल्ल्यांची छायाचित्रे घेतली. ही परंपरा भरघोस आहे, पण ती पश्चिम घाटाची आहे आणि तिचा आवडता ऋतू पावसाळा आहे. धबधबा, हिरवा कडा, भाद्रपदातले कासचे पठार, एवढ्यावर कॅमेरा खूश असतो. कास तर २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. किल्ला नाही, कडा नाही, धबधबा नाही, अशा डोंगराला या परंपरेत जागा मिळाली नाही, ही तिची उणीवच म्हटली पाहिजे.

जऊळक्याच्या आसपासचे डोंगर नेमके असे आहेत. अजिंठ्याच्या रांगेचे हे पूर्वेकडचे फाटे. सपाट माथ्याचे, बेसाल्टचे, फार उंच नसलेले. अकोला–पूर्णा हा लोहमार्ग त्यांतूनच जातो. २००८ मध्ये तो मीटर गेजचा ब्रॉड गेज झाला. इथल्या रानाला युरोपसारखा एकच शरद नाही, दोन आहेत. पहिला आश्विन-कार्तिकात. पाऊस परततो, हवा धुऊन निघालेली असते, सोयाबीन निघते, कापूस फुटतो आणि उतारांवरचे गवत आठवड्यागणिक सोनेरी होत जाते. दुसरा माघ-फाल्गुनात. सागाची रुंद पाने करडी होऊन गळतात, कांडोळाचे पांढरे खोड उघडे पडते, सालई निष्पर्ण होते आणि त्याच उजाड उतारावर पळस पेटतो. कुसुमाची नवी पालवी तांबडी असते, त्यामुळे मोसम झडण्याचा की फुटण्याचा, हे दुरून चटकन सांगता येत नाही. काटेपूर्णा अभयारण्य हे या दुसऱ्या मोसमाचे जवळचे ठिकाण. प्रकाशाच्या दृष्टीने दोन्ही मोसम वेगळे. कार्तिकात दूरची रांग स्वच्छ दिसते. फाल्गुनात धूळ आणि धुरकट हवेमुळे रांगांमागून रांगा फिकट होत जातात, आणि चित्राला खोली येते. सकाळचे पहिले दोन तास आणि संध्याकाळचा शेवटचा तास सोडला, तर बेसाल्टचा काळा दगड उन्हात सपाट दिसतो.

डिजिटल कॅमेरा आणि मोबाइल यांनी खर्चाची अडचण पुरती मिटवली आहे. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याची छायाचित्रे काही दिवसांत देशभर पसरली आणि शास्त्रज्ञांनी नमुने तपासून क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे कारण सांगितले. हौशी छायाचित्राचा एरवी न दिसणारा उपयोग यातून समोर आला. वाशीम जिल्ह्याच्या टेकड्यांचेही असेच आहे. वणवे, चराई आणि वृक्षतोड यांनी रान किती बदलले, हे पुढच्या पिढीला सांगायचे असेल तर एकाच टेकडीचे, एकाच जागेवरून, दरवर्षी कार्तिकात आणि फाल्गुनात चित्र घेऊन तारखेसह जपून ठेवावे. जऊळका परिसरातील हौशी छायाचित्रकारांनी आणि शाळांनी हे काम हाती घ्यावे.