मूल बोलावयास कसे शिकते : एका जुन्या प्रश्नाची हकीकत

मूल बोलावयास कसे शिकते, असे कोणी विचारले तर आपण सगळ्याजणी हसू. घरात माणसे बोलतात, ते मुलाच्या कानावर पडते आणि वर्षा-दीड वर्षात तेही बोलू लागते. यात विचारावयाचे ते काय? परंतु भगिनींनो, हा प्रश्न मोठमोठ्या राजांना पडला होता, आणि त्याचे उत्तर काढण्यासाठी त्यांनी जे केले ते वाचताना आईच्या पोटात कालवते.

सर्वांत जुनी गोष्ट इजिप्तच्या साम्मेतिकस राजाची. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने ती लिहून ठेवली आहे. जगातील मूळ भाषा कोणती हे राजाला पाहावयाचे होते. म्हणून त्याने नुकतीच जन्मलेली दोन मुले एका मेंढपाळाच्या स्वाधीन केली. त्यांच्यासमोर कोणी चकार शब्द काढावयाचा नाही, वेळेवर शेळ्या नेऊन दूध पाजावयाचे, एवढीच आज्ञा. दोन वर्षांनी मेंढपाळाने दार उघडले तेव्हा मुले हात पसरून 'बेकोस, बेकोस' म्हणाली. फ्रिजियन लोकांच्या भाषेत बेकोस म्हणजे भाकरी, असे चौकशीअंती कळले, आणि फ्रिजियन लोक आपल्याहून प्राचीन, असे राजाने मान्य करून टाकले. आता शेळ्यांच्या संगतीत वाढलेले मूल 'बे' नाही म्हणणार तर काय म्हणणार! ही शंका पुष्कळ विद्वानांनीही काढली आहे. गोष्ट खरी की खोटी हे आज कोणालाच सांगता यावयाचे नाही.

आपल्याकडील हकीकत मात्र अशी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अकबर बादशहाने असाच प्रयोग केला, आणि त्याच्या काळच्या दोन लेखकांनी तो नमूद केला आहे. बदायुनी लिहितो की, वीसेक तान्ही मुले त्यांच्या आयांना पैसे देऊन घेतली आणि एका वेगळ्या घरात ठेवली. दूध पाजणाऱ्या दाया होत्या, परंतु त्यांना तोंड उघडण्याची मनाई होती. लोक त्या जागेला गुंग महाल म्हणू लागले. अबुल फजलच्या अकबरनाम्यात आहे की, १५८२ साली बादशहा स्वतः तेथे गेला, तेव्हा मुक्यांच्या आवाजाखेरीज काही ऐकू आले नाही. बदायुनी म्हणतो, तीनचार वर्षांनी सर्व मुले मुकी निघाली आणि कित्येक तर दगावली. बादशहाला उत्तर मिळाले. पण भुकेपायी किंवा भयापायी ज्यांनी पोटची मुले दिली असतील त्या आयांचे काय झाले, आणि मूल रडत असता ओठ मिटून त्याला छातीशी धरणाऱ्या त्या दायांवर काय गुजरली, हे कोणी लिहिले नाही. नवरत्नांची नावे शाळेत पाठ करून घेतात. या बायांपैकी एकीचेही नाव मला कोठे आढळले नाही.

पुढे तीनशे वर्षांनी विद्वानांना सुबुद्धी झाली. मुलाला आईपासून तोडण्याऐवजी आपल्याच घरातील पाळण्याजवळ बसून पाहावे असे त्यांना वाटू लागले. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा चार्ल्स डार्विन याने आपल्या पहिल्या मुलाच्या १८३९ साली झालेल्या जन्मापासून टिपणे ठेवली होती. ती १८७७ साली छापली. तो सांगतो की, मुलगा बरोबर वर्षाचा झाला तेव्हा खाण्यासाठी त्याने आपणच एक शब्द काढला, 'मम'. हे वाचून मला मोठी गंमत वाटली. आपल्या मुलांचे 'मंमं' आणि त्या साहेबाच्या मुलाचे 'मम' यात अंतर ते किती? पुढे त्या मुलाने साखरेला 'शु-मम' म्हटले, म्हणजे एका शब्दाला दुसरा जोडून नवा केला. आणि खाणे मागताना तो शब्दाच्या शेवटी प्रश्नासारखा सूर चढवी, असेही डार्विनने टिपले आहे. शब्द एकच, पण बोलण्याची चाल त्याच्या अगोदरच गळ्यात बसलेली.

या सर्व मंडळींत मला जास्त जवळची वाटते ती क्लारा स्टर्न. ब्रेस्लाऊ शहरात (ते तेव्हा जर्मनीत होते, आता पोलंडमध्ये आहे) तिचे बिऱ्हाड होते. नवरा विल्यम मानसशास्त्राचा अध्यापक. हिच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. १९०० साली हिल्डे नावाची मुलगी झाली, मागून ग्युन्टर आणि एव्हा. हिल्डेच्या जन्मापासून नवराबायकोने वह्या घातल्या आणि लिहिण्याचा मोठा भार क्लाराने उचलला. कोणत्या मुलाने कोणत्या दिवशी काय म्हटले, कशाला पाहून म्हटले, चुकले तर कसे चुकले, हे ती जवळजवळ अठरा वर्षे टिपत होती. हजारो पाने झाली. तीन मुलांचे खाणेपिणे, आजारपणे, रुसवेफुगवे सांभाळून हे लिहिणे म्हणजे काय, ते विद्वानांपेक्षा आपल्याला अधिक कळेल. १९०७ साली या वह्यांवरून मुलांच्या भाषेविषयी मोठा ग्रंथ निघाला. त्यावर दोघांची नावे आहेत, आणि पहिले नाव क्लाराचे आहे. १९३३ साली नाझींचे राज्य आले तेव्हा हे ज्यू कुटुंब देशोधडीला लागले. विल्यम १९३८ साली अमेरिकेत वारला. वह्या मात्र टिकल्या, आणि पुढच्या अभ्यासकांनी त्या संगणकावर उतरवून घेतल्या.

चुका टिपून ठेवण्यात काय अर्थ, असे कोणी म्हणेल. पण खरी मेख तेथेच आहे. आमचा धाकटा दोन-अडीच वर्षांचा असताना 'बाबा जाला' म्हणे, 'मी करला' म्हणे. घरात असे कोणीच बोलत नव्हते. मग त्याने ते कोणाचे ऐकले? कोणाचेच नाही. बस-बसला, हस-हसला, धाव-धावला, हा साचा त्याच्या ध्यानी आला आणि त्याने तो 'जा'लाही लावला. पोपट असता तर 'गेला'च म्हणाला असता! १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन बाईने हे पद्धतशीर दाखविले. तिने एका काल्पनिक प्राण्याचे चित्र काढून त्याला 'वग' असे नाव दिले आणि लहान मुलांना विचारले की, असे दोन असले तर काय म्हणाल? जो शब्द जन्मात ऐकला नाही त्याचे अनेकवचन बहुतेक मुलांनी बरोबर केले.

यानंतरचे प्रयोग अगदी तान्ह्या मुलांवर झाले. १९८० साली असे दिसले की, तीन दिवसांच्या आतील मूलसुद्धा परक्या बाईपेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखणी त्या बेताने चोखते. आईचा आवाज ते पोटात असल्यापासून ऐकत असते. (आता सगळ्यांना अभिमन्यू आठवेल. परंतु पोटात पोहोचतो तो सूर आणि ठेका, चक्रव्यूह नव्हे.)

१९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी हिंदीतील 'त' आणि 'ट' घेतले. आपल्याला हे दोन स्वच्छ वेगळे ऐकू येतात. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला येत नाहीत. पण इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो फरक कळत होता! वर्ष भरत आले की तीच हातोटी मावळत जाते, कारण त्यांच्या घरात या दोन अक्षरांचे कामच पडत नाही. म्हणजे पहिल्या वर्षात मूल नुसते मिळवीत नाही, नको ते टाकीतही असते.

मला स्वतःला सर्वांत नवल वाटले ते १९९६ सालच्या प्रयोगाचे. आपण बोलताना शब्दाशब्दांत थांबत नाही. 'बाळाचेदूधगरमकर' असे सलग बोलतो. मग एक शब्द कोठे संपला हे बाळाला कळते कसे? जेनी सॅफरन, रिचर्ड अ‍ॅस्लिन व एलिसा न्यूपोर्ट यांनी 'बिडाकु', 'पाडोटी', 'गोलाबू' असले निरर्थक शब्द न थांबता, एकाच सुरात, आठ महिन्यांच्या मुलांना ऐकविले. फक्त दोन मिनिटे. तेवढ्यात मुलांनी ओळखले की 'बि'मागून नेहमी 'डा' येतो, पण 'कु'मागून काहीही येऊ शकते. नंतर ओळखीचे शब्द लावले तर ती लवकर कंटाळत आणि अनोळखी जुळणी लावली की अधिक वेळ कान देत. आपल्या घरीही तसेच: 'बा'मागून 'ळ' दिवसातून शंभरदा येतो, 'ळ'मागून 'ला', 'चे', 'नी' काय वाटेल ते. पाळण्यातील पोर बोटे न मोजता हा हिशेब करीत असते.

मग हे सगळे यंत्राने ऐकविले तर चालेल का? २००३ साली पॅट्रिशिया कूल यांनी तेही पाहिले. नऊ महिन्यांच्या अमेरिकन मुलांशी चिनी भाषा बोलणारी माणसे बारा वेळा खेळली, पुस्तके वाचली. ती मुले चिनी भाषेतील ध्वनींचे भेद ओळखू लागली. दुसऱ्या मुलांना तीच माणसे पडद्यावर दाखविली. ती काहीच शिकली नाहीत. जेवू घालताना मुलासमोर मोबाईल धरण्याची रीत आता घरोघर आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आणखी एक गोष्ट. आमच्या ओळखीत एक मूल होते. ते हाकेला वळत नसे. 'बापही उशिराच बोलला होता' असे म्हणून वडीलधाऱ्यांनी तीन वर्षे घालविली. ते बहिरे होते. आता जन्मल्यावर थोड्याच दिवसांत कानाची तपासणी करता येते, आणि ती झोपलेल्या मुलाचीही होते. बहिऱ्या आईबापांची बहिरी मुले हातांनी बोबडे बोलतात, असे १९९१ साली दोन अभ्यासिकांनी छापले आहे. घरातील माणसे खुणांच्या भाषेत बोलत असली म्हणजे तीही त्याच वयात, तशीच, बोटांची बडबड करतात.